सीझिंगच्या ट्रॅक्टरचा लिलाव: मशीन मनसोक्त तपासू देतात, पण बोलीत आपण बांधलेले आणि ते मोकळे

मराठवाड्यात हायवेला लागून एक मोठं यार्ड आहे, हप्ते थकले म्हणून फायनान्स कंपन्यांनी ओढून आणलेले ट्रॅक्टर, ट्रॉल्या, रोटाव्हेटर, मळणीयंत्रं, कधीमधी हार्वेस्टर पण तिथे लिलावात निघतात. तिथून आम्ही घरच्या शेतीसाठी महिंद्रा ५७५ घेतला, ४५ एचपीचा, २०१८ चं मॉडेल, त्या सगळ्या प्रकाराचा हा रिव्ह्यू आहे. यार्डचं नाव मुद्दाम टाकत नाही. एक तर तिथे आलेल्या बाकीच्या घेणाऱ्यांशी बोललो तर कळलं की थोड्याफार फरकाने हीच पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, आणि नाव टाकलं की लोक नावावरून भांडत बसतात, पद्धत राहते बाजूला, आणि मला पद्धतीवरच बोलायचंय.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगतो, पाचपैकी तीन स्टार. मशीन बघू देण्यात, चालवून बघू देण्यात यार्ड खरंच चांगलं आहे, त्यात काही खोट काढायला जागा नाही. कागदपत्रं ठीकठाक. बोलीची पद्धत मात्र घेणाऱ्यावर अन्याय करणारी आहे, आणि ज्याच्या दारातून ट्रॅक्टर उचलून आणला त्या शेतकऱ्याला तिथे जे वागवतात ते तर त्याहून वाईट. ते दोन स्टार त्याचेच कापलेत.

आता चांगलं आधी. लिलावाच्या आधी काही दिवस माल बघायला खुला असतो, गेटवर आधार दाखवून नोंद केली की आत सोडतात, सोबत मिस्त्री नेला तरी कोणी आडवं येत नाही. आमच्या भागात काही ठिकाणी असं ऐकलंय की नुसते फोटो बघा आणि बोली लावा, गाडी चालू करायची नाही, बॉनेट उघडायचं नाही. इथे तसं नाही. चावी मागितली की माणूस येतो, बॅटरी उतरलेली असेल तर दुसरी आणून लावतो. आमचे मिस्त्री जुने माणूस, चाळीस वर्षं याच कामात गेली, त्यांनी पहिलं काय केलं तर सायलेन्सरवर आणि ब्लॉकवर तळहात ठेवला. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, "आधीच गरम करून ठेवली असली तर थंड इंजिनाची खोड कळत नाही ना. थंडीत सकाळी सेल्फ उचलतो का नाही तेच तर बघायचंय." ब्लॉक थंड होता. सेल्फ मारला, दुसऱ्या झटक्याला उचलला, थोडा पांढरा धूर आला आणि मिनिटभरात गेला. मग चालू इंजिनावरच ऑइल भरायचं झाकण काढून वर हात धरला. रिंगा-लायनर संपलेले असले की तिथून भकाभका धूर आणि हवा मारतो, इंजिन बॅक मारतंय म्हणतात ते हेच. थोडी हवा होती, म्हणजे काम लागेल पण या वर्षी नाही असं त्यांचं मत पडलं.

लिफ्टला यार्डातलाच एक नऊ फणी कल्टिव्हेटर जोडला, वर उचलला, इंजिन बंद केलं आणि आम्ही समोर टपरीवर चहा घेऊन आलो. येईपर्यंत फण बोटभर खाली उतरले होते. एवढं चालतं. धपकन बसले असते तर लिफ्टचं काम निघालं असतं आणि त्याचा खर्च बोलीतून आधीच वजा करावा लागला असता. पीटीओ, म्हणजे रोटाव्हेटर-मळणीयंत्र फिरवणारा मागचा दांडा, लावून बघितला, चारी पाच गिअरमध्ये चालवला, उतारावर सोडल्यावर गिअर उडतो का ते बघितलं, पुढचं चाक जॅकवर उचलून हाताने हलवलं, किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक वळतं त्या खिळीला, खेळ होता. मीटरवर २१०० तास दाखवत होते, पण क्लचच्या पॅडलचं रबर पार झिजून आतलं लोखंड चकाकत होतं, आणि मागच्या टायरच्या बाजूवर जो चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे, त्यावरून टायर २०२२ चे निघाले, म्हणजे कंपनीतून आलेले टायर संपवून नवे टाकून झालेत. मिस्त्री म्हणाले चार हजार तास धरून चाल. आणि इथे यार्डला मानलं पाहिजे, त्यांच्या लॉटच्या, म्हणजे लिलावात नंबर लावलेल्या त्या मशीनच्या, कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं, मीटर रीडिंग २१००, पडताळलेलं नाही. खोटं सांगितलं नाही. बॉनेटवरच्या स्टिकरवर लॉट नंबर, इंजिन नंबर, चासी नंबर, आणि आम्ही चासीवर ठोकलेला नंबर घासून पुसून बघितला तर जुळला.

एक गोष्ट खास सांगायची म्हणजे पुराची. २०२५ च्या सप्टेंबरात बीड, धाराशिव, लातूर, परभणी, जालना सगळीकडे जे पाणी झालं त्यात गोठ्यासोबत ट्रॅक्टर पण बुडाले, आणि ज्याचं पीक गेलं त्याचा हप्ता पण गेला, त्यामुळे बुडालेला ट्रॅक्टर लिलावात येणं ही साधी गोष्ट आहे. तिथे रांगेत असा एक होताच, वरून पेंट मारून चकाचक केलेला. मिस्त्रींनी गिअर बॉक्सची डीपस्टिक काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं, म्हणजे पाणी मिसळलेलं. सेल्फच्या मागे, लाइटच्या होल्डरमध्ये बारीक गाळ. त्या लॉटच्या कागदावर पुराचा एक शब्द नव्हता. मी ऑफिसात जाऊन सांगितलं तर त्यांनी निदान पेनाने "पाणी गेलेलं असू शकतं" असं लिहून घेतलं, वाद घातला नाही. पण हे एखाद्या गिऱ्हाइकाने सांगितल्यावर का व्हावं, गाडी आत घेतानाच डीपस्टिक बघायला काय लागतं?

आता बोली.

दोन प्रकार आहेत, समोर माइकवर होते ती आणि मोबाइलवर ॲपमधून होते ती, आणि बऱ्याचदा दोन्ही एकाच वेळी. अनामत भरायची, नंबर मिळतो, समोर असाल तर हातात पाटी. लिलाव म्हटला की आपल्या डोळ्यासमोर येतो तो कांद्याचा. लासलगावला नाहीतर पिंपळगावला ट्रॅक्टर ट्रॉलीभोवती व्यापारी उभे असतात, बोली कोणाच्या तोंडातून निघाली ते शेतकऱ्याला दिसतं, भाव पटला नाही तरी निदान कोणी किती म्हटलं ते कळतं. तिथेही व्यापारी एक होतात, भाव पाडतात, सगळं होतं, पण तोंड दिसतं. इथे स्क्रीनवर नुसतं येतं, बिडर १४, चार लाख दहा. बिडर १४ कोण, तो आहे का, का विकणाऱ्यांचाच कोणी आत बसून आकडा वाढवतोय, हे कळायला मार्ग नाही.

आमच्या लॉटची बोली तीन वीसला सुरू झाली. समोर बसलेले जुने ट्रॅक्टरवाले दलाल तीन साठ-सत्तरला थांबले, त्यांचं आधीच टपरीवर ठरलेलं असतं कोणता लॉट कोणी घ्यायचा, त्यांच्या भाषेत रिंग. रिंग केली की एकमेकांच्या लॉटवर बोली चढवत नाहीत, माल स्वस्तात एकाच्या नावावर जातो आणि नंतर बाहेर आपापसात पुन्हा बोली लावून फरक वाटून घेतात. हे सगळ्यांना माहीत असतं, माइकवरच्या माणसाला पण माहीत असतं. बोलीत असं संगनमत करणं स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३ मध्ये सरळ बेकायदा धरलंय, पण हायवेवरच्या टपरीपर्यंत तो कायदा येतो कधी. आमच्यासारखा सरळ शेतकरी बोलीत उतरला की ते आधी हसून बघतात, मग एखादा जवळ येऊन बसतो, "भाऊ, इंजिनाचं काम आहे त्याला, कशाला नादी लागता." तपासणी आम्ही केलेली होती म्हणून आम्ही हललो नाही. कोणी नवखा असता तर उठून गेला असता, आणि तेच त्यांना पाहिजे असतं.

दलाल थांबल्यावर ॲपवरून बिडर १४ आला, आणि तीन ऐंशीपासून चार तीसपर्यंत आम्ही आणि तो. आम्ही चार पस्तीस म्हटलं आणि तो गप्प. तो खरा नव्हता असं मी म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा नाही. माझं म्हणणं एवढंच की पडताळायची सोयच ठेवलेली नाही, आणि जिथे पडताळता येत नाही तिथे माणूस संशय घेणारच, त्यात त्याची चूक काय. आपल्याकडे माल विक्री कायदा १९३० सालचा आहे, त्याचं कलम ६४ अख्खं लिलावावरच आहे, सगळ्यांनी एकदा वाचावं, लहानसंच आहे. त्यात म्हटलंय की विकणाऱ्याला स्वतः किंवा त्याच्या माणसाकरवी बोली लावायची असेल तर तसा हक्क आधी जाहीर करून राखून ठेवावा लागतो, जाहीर न करता लावली तर घेणारा ती विक्री फसवणूक मानू शकतो. आणि किंमत चढवायला खोटी बोली लावली असेल तर सौदा मोडायचा हक्क घेणाऱ्याला आहे. पण बिडर १४ कोण हेच जर मला कधी कळणार नसेल तर हा हक्क मी वापरायचा कसा? लिलाव संपल्यावर त्या लॉटवरच्या सगळ्या बोल्या, वेळेसकट, आणि बोली लावणाऱ्यांची अनामत खरंच भरलेली होती का एवढं जरी बोली लावणाऱ्यांना दाखवलं, नाव नका दाखवू पाहिजे तर, तरी निम्मा संशय जाईल. ॲपमध्ये ही माहिती असतेच, फक्त दाखवत नाहीत.

याच्याहून मोठी गोष्ट म्हणजे अप्रूव्हल, आणि ज्याने कधी असा लिलाव बघितला नाही त्याला हे आधी माहीत पाहिजे. माइकवर तीनदा पुकारून "गेला" म्हटलं की आपल्याला वाटतं ट्रॅक्टर आपला झाला. तसं नसतं. "सब्जेक्ट टू अप्रूव्हल". म्हणजे तुमची सगळ्यात मोठी बोली फायनान्स कंपनीकडे जाणार, त्यांना पटली तर हो, नाही पटली तर नाही. त्यांच्या मनातली किंमत किती ते आधी सांगत नाहीत. राखीव किंमत ठेवायला माझा विरोध नाही, त्याच कलम ६४ मध्ये ती ठेवायला परवानगी आहे, आणि कंपनीचं कर्ज अडकलंय तर त्यांनी कवडीमोल का विकावं. पण मग बोलीच्या दिवशीच सांगा ना, पोचली का नाही पोचली. इथे काय होतं, आपली अनामत अडकलेली, नियमाप्रमाणे आपण बोली मागे घेऊ शकत नाही, घेतली तर अनामत जप्त, आणि समोरच्याला मात्र कसलंच बंधन नाही, आज सांगेल, आठवड्याने सांगेल. आपण बांधलेले आणि ते मोकळे. कायदा असं म्हणतो की हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते, आणि इथे हातोडा पडल्यासारखं दाखवून तो खरा पडलेलाच नसतो, पण आपल्याला मात्र पडला असं धरून बांधून ठेवतात.

मध्ये बरेच दिवस गेले. तेवढ्यात गावाजवळ एकाकडे सरळ घरगुती व्यवहारात एक स्वराज ७४४ विकायला निघाला होता, चांगला होता, पण आमचे पैसे आणि आमचा शब्द दोन्ही इकडे अडकलेले, तो दुसऱ्याने नेला. मग यार्डातून फोन. "साहेब, कंपनीने चार साठ सांगितलंय, तुम्ही थोडं वाढवा, मी करून देतो." करून देतो म्हणजे काय? लिलाव झाला ना? मग ही घासाघीस कसली? मी म्हटलं लेखी द्या कंपनीने किती मागितलंय ते. लेखी कोणी देत नाही. पुन्हा फोन, चार पन्नास. शेवटी चार बेचाळीसला अप्रूव्हल आलं. सात हजार काही फार मोठी रक्कम नाही, पण त्या सात हजारांचा हिशोब मला आजपर्यंत कोणी दिलेला नाही, आणि त्या फोनवरच्या माणसाने खरंच कंपनीला विचारलं की स्वतःच आकडा टाकला हे पण मला कधी कळणार नाही. उघड लिलाव उघड बोलीने सुरू होतो आणि बंद फोनवर संपतो, तर त्याला उघड का म्हणायचं.

वरून आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, टायर-पार्ट्सवरचा १८ वरून ५ वर. नवा स्वस्त झाला की जुन्याची किंमत आपोआप उतरते, साधी गोष्ट आहे. मी ऑफिसात विचारलं की तुमचं व्हॅल्युएशन कधीचं, तर तारीख जुनी निघाली. म्हणजे कंपनीच्या मनातली ती छुपी किंमत जुन्या बाजारावर बसलेली आणि आम्हाला मात्र चार साठ मागायला कमी करत नाहीत. व्हॅल्युएशनची तारीख तरी लॉटच्या कागदावर छापा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो ती.

बोली झाल्यावर आम्ही ऑफिसच्या खिडकीवर पावतीसाठी उभे होतो. माझ्या पुढे एक पन्नाशीचे शेतकरी आणि त्यांचा मुलगा. ते त्याच ट्रॅक्टरचे मूळ मालक होते, हे मला त्यांच्या बोलण्यावरून कळलं, ते लॉट नंबर विचारत होते. आमचा ट्रॅक्टर आज गेला का, कितीला गेला, एवढंच त्यांचं विचारणं. आतला पोरगा मान वर न करता म्हणाला, "ते कंपनीला विचारा, आम्हाला सांगता येत नाही." त्यांनी पुन्हा विचारलं, तर "काका, बाजूला व्हा, मागे लाइन आहे." लाइनमध्ये मीच होतो. बाहेर आल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो. त्यांनी विचारलं, "पाव्हणं, तुमीच घेतला का? कितीला गेला?" मी सांगितलं, चार पस्तीसवर थांबलाय, अजून मंजुरी यायचीय. ते म्हणाले, "कंपनीवाले तीन ऐंशी बाकी सांगत व्हते." मग थोडं थांबून, "मंग वरचं कोणाचं?"

वरचं त्यांचं. हा प्रश्न त्यांना एका अनोळखी माणसाला हायवेच्या कडेला उभं राहून विचारावा लागतो याचा मला मनापासून राग आला आणि अजून आहे. कर्जाची बाकी, व्याज, गाडी ओढून आणायचा आणि यार्डात ठेवायचा जो रास्त खर्च असेल तो, एवढं वजा करून जे उरेल ते कर्जदाराला परत गेलं पाहिजे. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७६ मध्ये तारण ठेवलेल्या वस्तूबद्दल हेच तत्त्व आहे, विकण्याआधी वाजवी नोटीस द्या, आणि येणं भागून जास्त उरलं तर ते मालकाला द्या. ट्रॅक्टरच्या कर्जात कागद जरा वेगळा असतो, वस्तू आपल्याकडेच असते आणि बोजा कंपनीचा, पण न्याय तोच. आणि रिझर्व्ह बँकेने एनबीएफसींना, म्हणजे बँक नसलेल्या फायनान्स कंपन्यांना, २००९ मध्येच सांगितलंय की वाहनाच्या कर्जाच्या करारात या गोष्टी लिहिलेल्याच पाहिजेत: ताब्यात घेण्याआधीची नोटीस किती दिवसांची, कोणत्या परिस्थितीत ती माफ, ताबा घ्यायची पद्धत काय, विक्रीच्या आधी कर्जदाराला पैसे भरायची शेवटची संधी, गाडी परत कशी मिळेल, आणि लिलाव कसा होईल. त्या काकांना शेवटची संधी मिळाली होती का विचारलं तर त्यांना नोटीस कुठली ते आठवत नव्हतं, मुलगा म्हणाला मोबाइलवर इंग्रजीत मेसेज यायचे. करार त्यांच्या भाषेत होता का, तर तेही नाही.

आणि दलालांच्या रिंगचं नुकसान खरं कोणाला होतं ते इथे कळतं. मला वाटायचं की त्यात आपलं, म्हणजे घेणाऱ्यांचं नुकसान. नाही. ट्रॅक्टर तीन साठला गेला असता तर कंपनीने राहिलेले वीस हजार आणि वरचा खर्च पुन्हा त्याच काकांच्या मागे लावला असता. ट्रॅक्टर गेला, शेतीचं साधन गेलं, आणि कर्ज शिल्लक. चार-पाच दलाल टपरीवर चहा पितापिता ठरवतात आणि सत्तर-ऐंशी हजार एका अशा माणसाच्या खिशातून जातात जो तिथे हजर पण नसतो, किंवा खिडकीवर उभा असला तरी त्याला कोणी आकडा सांगत नाही. म्हणून मी म्हणतो की बोली उघड असणं ही घेणाऱ्याची सोय नाही, तो ज्याचा ट्रॅक्टर गेला त्याचा हक्क आहे, आणि लिलावाचा दिवस, वेळ, जागा त्याला आधी कळवून, त्याला खुर्ची देऊन समोर बसवलं पाहिजे. त्याच्यापेक्षा जास्त तो ट्रॅक्टर कोणाला माहीत असणार.

वसुलीचं तर बोलायलाच नको. गुंड लावून गाडी ओढून आणता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २००७ मध्येच सांगितलंय. सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडच्या हजारीबागला ट्रॅक्टरच्या वसुलीत एका शेतकऱ्याच्या गरोदर मुलीचा त्याच ट्रॅक्टरखाली जीव गेला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने त्या फायनान्स कंपनीला बाहेरच्या एजंटांकडून वसुली आणि जप्ती थांबवायला लावली, ती बंदी जानेवारी २०२३ मध्ये उठली. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही हा नियम पण २०२२ चाच. हे ज्यांच्या घरी एजंट येतात त्यांना माहीत नसतं. त्या काकांना मी एवढंच सांगितलं की कंपनीला लेखी अर्ज करा, कर्जाचं पूर्ण स्टेटमेंट मागा, कितीला विकला, खर्च काय काय लावला, उरलं किती, अर्जाची पोच घ्या, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा, पैसे लागत नाहीत, १४४४८ वर फोन केला तर मराठीतून पण कशी करायची ते सांगतात. चार बेचाळीसला फायनल झाल्यावर मी मुलाच्या मोबाइलवर आमच्या पावतीचा फोटो पाठवून दिला. आता त्यांच्या हातात निदान एक कागद आहे ज्यावर खरा आकडा आहे. हे काम यार्डचं होतं.

कागदपत्रांचं सांगतो, कारण इथे लोक सगळ्यात जास्त अडकतात. बोलीत जाण्याआधीच गाडीचा नंबर एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाकून बघा, बोजा कोणाचा, इन्शुरन्स आहे का, चलान आहेत का. ट्रॉली सोबत घेत असाल तर ट्रॉलीचं पासिंग वेगळं असतं, ती बऱ्याचदा बिनपासिंगची निघते. सीझिंगच्या गाडीत मूळ मालक आरसी देत नाही, त्याच्या सह्या मिळत नाहीत, मग मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ खाली फायनान्स कंपनी फॉर्म ३६ भरून आधी स्वतःच्या नावावर नवी आरसी काढते आणि मग आपल्या नावावर करून देते. काही जण पूर्वीच घेऊन ठेवलेल्या सह्यांचे मालकी बदलायचे फॉर्म २९, ३० देतात आणि म्हणतात तुम्हीच करून घ्या, ते घेऊ नका, उद्या मूळ मालकाने सही नाकारली तर आपण आरटीओच्या दारात. बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि कंपनीची एनओसी (ना हरकत पत्र) डिलिव्हरीच्या वेळी हातात पाहिजे, "येईल कुरिअरने" वर गाडी हलवू नका. इन्शुरन्स आपल्या नावावर करायला १४ दिवस असतात. आणि सरकारी खात्याने केलेला लिलाव असेल तर तिथला फॉर्म वेगळा, ३२ नंबरचा, ३० दिवसांत, यार्डवाले कधीकधी दोन्हींची सरमिसळ करतात.

आमच्या बाबतीत पैसे भरल्यावर डिलिव्हरी लगेच दिली, मोजून टूलकिटपर्यंत, लिहिलेलं तसंच. फी किती लागणार ते आधी पत्रकावर होतं आणि तेवढीच लागली, वरून काही मागितलं नाही, गेटवर चहापाण्याचे पण नाही. हे पण सांगितलं पाहिजे. यार्डातली जी पोरं मशीन दाखवतात ती कष्टाळू आणि खरं बोलणारी आहेत, दोष त्यांचा नाही, दोष वरच्या नियमांचा आहे आणि ते नियम बदलणं दोन कागदांचं काम आहे.

जायचं का, तर जा, पण मिस्त्री घेऊन जा, थंड इंजिन बघायला सकाळी लवकर जा, आणि बोलीच्या आधी अप्रूव्हल किती दिवसांत येणार ते लेखी मागा. आम्ही मागितलं तेव्हा "असं कोणी मागत नाही" म्हणाले. दहा जणांनी मागितलं की देतील. लवकर पेरणीसाठी ट्रॅक्टर पाहिजे असेल, पंधरा दिवस थांबायची सोय नसेल तर मात्र या भानगडीत पडू नका, ओळखीतला घरगुती व्यवहार बघा, दहा-वीस हजार जास्त गेले तरी चालतील.

फॉर्म ३५ आणि एनओसी हातात आहेत, कंपनीच्या नावावरची आरसी निघाली असं फोनवर सांगितलंय, आमच्या नावावरची अजून यायचीय. आली की किती दिवस लागले ते इथेच खाली टाकतो. आणि त्या काकांना कंपनीकडून स्टेटमेंट आलं का ते पण, त्यांच्या मुलाला विचारून.